उतार डोळ्यांना दिसला पाहिजे

(पाणलोट क्षेत्र विकासावरील शेतकरी प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण सुरू करण्यापूर्वी एक लहानसे काम सांगतो. खिशातले पेन काढा. टोपण एका हातात आणि पेन दुसऱ्या हातात धरून दोन्ही हात समोर लांब करा. आता एक डोळा घट्ट मिटा आणि बाजूने हात आणून पेनाला टोपण बसवा. घाई करू नका. बहुतेकांचे टोपण पेनाच्या पुढून नाही तर मागून गेले असेल. हसू नका, शेजाऱ्याचेही तसेच झाले आहे. आता दोन्ही डोळे उघडून तेच करा. पहिल्याच खेपेला बसते.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे समोरची वस्तू डाव्या डोळ्याला जशी दिसते तशी उजव्याला दिसत नाही, किंचित सरकलेली दिसते. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. मेंदू ही दोन चित्रे एकत्र करतो आणि त्या सरकण्यावरून कोणती वस्तू पुढे, कोणती मागे हे ठरवतो. एक डोळा मिटला की हे गणित बंद पडते.

पाणलोटाच्या वर्गात हे कशाला, असे तुम्हाला वाटेल. आज तुमच्या हातात जमिनीची चित्रे पूर्वी कधी नव्हती इतकी आली आहेत. मोबाईलवर उपग्रहाने घेतलेले शिवार दिसते, ड्रोनवाला येऊन फोटो काढून देतो, गावनकाशा संगणकावर मिळतो. पण ही सगळी चित्रे सपाट आहेत. त्यांत बांध दिसतो, विहीर दिसते, झाड दिसते, उतार मात्र दिसत नाही. आणि आपले सगळे काम तर उताराचे आहे. पाणी गट नंबर पाहून वाहत नाही.

साधारण तीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. अवर्षणप्रवण भागातले एक गाव. दोन सख्ख्या भावांची जमीन, थोरल्याची वरच्या अंगाला, धाकट्याची खाली. दर पावसाळ्यात मधला बांध एकाच जागी फुटायचा आणि धाकट्याच्या रानात वरची माती, दगडगोटे येऊन पडायचे. थोरला मुद्दाम पाणी सोडतो, असे धाकट्याचे म्हणणे. त्याने बांध नीट घातला नाही, असे थोरल्याचे. आमच्याकडे त्या भागाची विमानातून घेतलेली छायाचित्रे होती. मी ती कचेरीत स्टिरिओस्कोपखाली मांडली आणि पाहिले, तर दोघांच्या रानांतून तिरकस गेलेला एक उथळ खोलगट पट्टा स्पष्ट दिसला. कधीकाळची ओघळ असावी. पिढ्यानपिढ्यांच्या नांगरटीने बुजत आलेली, तरी पूर्ण बुजली नव्हती. बांध नेमका ती ओघळ ओलांडत होता. तिथे तो फुटणारच!

हवाई छायाचित्रे त्या काळी संरक्षणाच्या दृष्टीने मर्यादित वापराची असत. ती गावात नेऊन दाखवायची सोय नव्हती. म्हणून मी तो पट्टा ट्रेसिंग कागदावर उतरवला, गावनकाशावर बसवला आणि कागद घेऊन गावात गेलो. थोरल्या भावाने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, या रानात माझी हयात गेली. इथं वगळ नाही." धाकटा म्हणाला, "कागदावर रेघ कुणीबी ओढतंय." माझ्या बाजूने कोणीच नव्हते. बांध पुन्हा धुऱ्यावरच, होता त्याच जागी, जास्त रुंद करून घातला गेला. दोन वर्षे टिकला. तिसऱ्या वर्षी परतीच्या पावसात एका रात्रीत फुटला आणि धाकट्याच्या रानात पट्ट्याच्या पट्ट्याला मुरूम उघडा पडला. पुढे त्या दोघांचे बोलणे बंद झाले ते झालेच.

चूक त्यांची होती असे मी बरीच वर्षे म्हणत असे. आता म्हणत नाही. मी खोलगट भाग डोळ्यांनी पाहिला होता, त्यांनी फक्त माझ्या हातची रेघ पाहिली होती. माझ्या शब्दावर त्यांनी जमीन का सोडावी?

तो स्टिरिओस्कोप म्हणजे काय ते सांगतो. इंग्लंडमधील चार्ल्स व्हीटस्टन या शास्त्रज्ञाने १८३८ साली ही युक्ती लोकांपुढे मांडली. एकाच वस्तूची दोन चित्रे काढायची, एक डाव्या डोळ्याला दिसेल तसे आणि दुसरे उजव्याला दिसेल तसे. मग दोन आरसे तिरपे बसवून प्रत्येक डोळ्याला त्याचेच चित्र दाखवायचे. चित्रे सपाट कागदावरची, पण पाहणाऱ्याला वस्तू समोर उभी दिसते. गंमत अशी, की छायाचित्रणाची कला जाहीर झाली १८३९ साली. म्हणजे व्हीटस्टनने हे सगळे हाताने काढलेल्या रेघांच्या चित्रांवर सिद्ध केले होते. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी आरशांऐवजी भिंगे वापरून लहान पेटी केली, आणि घरोघरी अशा पेट्यांतून देशोदेशींची दृश्ये पाहण्याची टूम निघाली. तुमच्यापैकी काहींनी लहानपणी व्ह्यू-मास्टर नावाचे खेळणे पाहिले असेल. त्याच्या गोल चकतीवर चित्रे चौदा, पण दृश्ये सातच, कारण प्रत्येक दृश्याला दोन चित्रे लागतात. 'छोटा चेतन' सिनेमाला काळा चष्मा लावून बसला असाल, तर त्यातही तत्त्व हेच, प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र.

विमानाने हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. विमान सरळ रेषेत उडते आणि खालच्या जमिनीचे एकामागून एक फोटो घेते. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला सुमारे ६० टक्के भाग पुन्हा येतो. फिल्म वाया घालवण्यासाठी नव्हे, तर प्रत्येक जागा दोन ठिकाणांहून पाहिली जावी म्हणून. नेहमीचा हवाई फोटो २३ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. प्रमाण १:२०,००० असेल तर एका फोटोत ४.६ किलोमीटरचा चौकोन मावतो, आणि एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत विमान सुमारे १.८ किलोमीटर पुढे गेलेले असते. म्हणजे असा एक राक्षस कल्पना करा, की ज्याच्या दोन डोळ्यांत पावणेदोन-दोन किलोमीटर अंतर आहे. आपण डोंगरावर उभे राहून खालचे शिवार पाहतो तेव्हा ते चटईसारखे सपाट दिसते, कारण इतक्या लांबवर आपल्या साडेसहा सेंटिमीटरचा काही उपयोग होत नाही. राक्षसाला मात्र प्रत्येक टेकाड, प्रत्येक घळ उठून दिसते. स्टिरिओस्कोप लावला की घटकाभर आपल्याला त्या राक्षसाचे डोळे मिळतात.

या कामाचे शिक्षण देण्यासाठी डेहराडूनला १९६६ साली स्वतंत्र संस्था निघाली, तीच आजची भारतीय सुदूर संवेदन संस्था. मृदा सर्वेक्षण, जंगल, भूजल अशा अनेक खात्यांतली माणसे तिथे ही छायाचित्रे वाचायला शिकली.

स्टिरिओस्कोपमधून आपला दख्खनचा मुलूख पाहणे हा मोठा आनंद असतो. आपला काळा पाषाण लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून मागे सरकतो, कठीण थर पुढे राहतो, म्हणून डोंगराला पायऱ्या पडतात. भूशास्त्रज्ञ या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दच मुळी जिन्याच्या पायरीवरून आलेला आहे. साध्या फोटोत या पायऱ्या म्हणजे नुसते गडद-फिके पट्टे. भिंगाखाली त्या जिन्यासारख्या उभ्या राहतात. पायरीच्या माथ्यावर उथळ मुरमाड जमीन, मधल्या उतारावर मध्यम, पायथ्याच्या सपाटीला खोल काळी. उतार कुठे मोडतो ते दिसले की जमीन कुठे बदलत असेल याचा अंदाज येतो. मग मृदा सर्वेक्षण करणाऱ्याने खड्डे नेमके कुठे घ्यायचे ते ठरवता येते, सगळे रान खणत बसावे लागत नाही.

धुळे-नंदुरबारकडच्या मंडळींना ठाऊक असेल, तिकडे काळ्या दगडाच्या लांबच लांब सरळ भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात. लाव्हा भेगांत घुसून थिजला आणि आजूबाजूचा खडक झिजून गेला, त्या या भिंती. भूशास्त्रात त्यांना डाईक म्हणतात. काही मैलोगणती जातात. स्टिरिओस्कोपमध्ये त्या कुंपणाच्या भिंतीसारख्या उठून दिसतात. अशी भिंत सलग आणि घट्ट असेल तर ती जमिनीखालचे पाणी अडवते आणि वरच्या अंगाच्या विहिरींना त्याचा फायदा होतो. भिंतच भेगाळलेली असेल तर गोष्ट वेगळी. नाल्याचा एखादा तुकडा अचानक आखल्यासारखा सरळ जात असेल तर तिथे खडकाला भेग असण्याचा संभव असतो, तीही खूण विहिरीच्या जागेसाठी उपयोगी. पण ही खूणच. फोटोत रेघ दिसली म्हणून उद्या बोअरची गाडी बोलावू नका. भूजल सर्वेक्षणाच्या माणसाकडून जागेवर तपासणी करून घ्या.

आता या साधनाचे दोन खोडसाळपणे. ते माहीत नसतील तर फायद्याऐवजी नुकसान होते.

पहिला असा, की उतार आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. राक्षसाचे डोळे लांब लांब असल्यामुळे उंची फुगते, साधारणपणे तीन-चार पट. दोन टक्के उताराचे रान सहा-आठ टक्क्यांचे वाटते. त्या भरवशावर बांधांतील अंतर ठरवले तर बांध नको इतके जवळ पडतील आणि पेरायची जमीन बांधाखाली जाईल. स्टिरिओस्कोपने पाणी कुठून कुठे जाते ते पाहावे. उतार किती, हे मात्र डंपी लेव्हलने, हायड्रोमार्करने किंवा ए-फ्रेमने शेतात उभे राहूनच मोजावे.

दुसरा खोडसाळपणा मी स्वतः भोगला आहे. शिकाऊ असताना मी एक जोडी लावली आणि नाल्यांचे जाळे मोठ्या उत्साहाने रेखाटले. वरिष्ठांनी पाहिले आणि विचारले, "तुमच्या गावाकडे नदी डोंगराच्या धारेवरून वाहते का?" मी डावा फोटो उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवला होता. असे झाले की सगळे उलटते. दरीचा डोंगर होतो आणि डोंगराची दरी. मेंदूला शंकासुद्धा येत नाही. तेव्हापासून जोडी लावल्यावर आधी ओळखीची नदी शोधायची आणि ती खाली दिसते ना याची खात्री करायची, ही सवय मी लावून घेतली.

हीच फसवणूक तुमच्या मोबाईलमध्येही होते, म्हणून थोडे थांबून सांगतो. उजेड वरून पडतो अशी आपल्या डोळ्यांची सवय आहे. उपग्रहाचे बरेच फोटो सकाळच्या वेळचे असतात. थंडीच्या दिवसांत सूर्य तेव्हा आग्नेयेला, म्हणून सावल्या वायव्येला पडतात. नकाशात उत्तर वर असते. म्हणजे चित्रात उजेड खालून आलेला असतो. मेंदू मात्र तो वरून आला असे धरतो, आणि डोंगराळ भागात खोल दरी उंच धारेसारखी दिसू लागते. असे झाले तर नकाशा दोन बोटांनी फिरवून दक्षिण वर आणा. दरी लगेच दरी होईल. हे आज रात्री घरी करून पाहा, सह्याद्रीतला कुठलाही भाग चालेल.

आज स्टिरिओस्कोप टेबलावरून बराचसा गेला आहे, त्याचे काम संगणक करतो. आपल्या देशाने २००५ साली कार्टोसॅट-१ हा उपग्रह सोडला. त्याला दोन कॅमेरे होते, एक पुढे पाहणारा आणि एक किंचित मागे पाहणारा. म्हणजे एका फेरीत जोडी तयार. त्या जोड्यांवरून देशाच्या उंचसखलपणाचा आराखडा तयार झाला आणि तो 'भुवन' या संकेतस्थळावर ठेवला आहे. गावाच्या पाणलोटाचा आराखडा करताना त्याचा चांगला उपयोग होतो. एका शेतासाठी मात्र तो जाडाभरडा पडतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घेतला तरी तीच अडचण. त्यात आपल्या भागात समपातळी रेषा वीस-वीस मीटर उंचीच्या फरकाने असतात. दोनशे मीटर लांबीचे, दोन टक्के उताराचे तुमचे रान असेल तर वरच्या धुऱ्यापासून खालच्या धुऱ्यापर्यंत पातळीचा फरक होतो चार मीटर. तुमच्या शेतातून बहुधा एकही रेषा जाणार नाही, आणि नकाशा म्हणेल, जमीन सपाट!

शेतापुरते पाहायचे तर ड्रोन. ड्रोनचे फोटो विमानाहूनही जास्त एकमेकांवर चढलेले घेतात आणि संगणक त्यांतून जमिनीचा उठाव तयार करतो. एक गोष्ट लक्षात ठेवा, ड्रोनला वरचे जे दिसते तेच तो मोजतो. रानात ऊस उभा असेल तर उसाच्या शेंड्यांची उंची मिळेल, जमिनीची नाही. म्हणून बांधबंदिस्तीसाठी पाहणी करायची ती रब्बीची काढणी झाल्यावर, रान मोकळे असताना. बाभळीच्या आणि निवडुंगाच्या दाट कुपाट्या असतील तिथे तेव्हाही फसगत होते. आणि ड्रोनवाल्याने २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणी केली आहे का, तेही विचारा.

अशा एका पाहणीचा नकाशा आम्ही काही वर्षांपूर्वी तांबड्या-निळ्या छपाईत काढला. दोन्ही फोटो एकावर एक छापायचे, एक तांबड्या रंगात, दुसरा निळसर हिरव्या रंगात. चष्म्याला डाव्या बाजूला तांबडा आणि उजव्या बाजूला निळसर हिरवा जिलेटीन कागद. हा पुठ्ठ्याचा चष्मा चहाच्या किमतीत होतो. योगायोगाने गाव तेच होते, मघाशी सांगितलेले. थोरला भाऊ आता नाही. मंदिरात सतरंजीवर तो मोठा कागद पसरला, चष्मे वाटले आणि मी गप्प बसलो. एक शब्द बोललो नाही. पोरांनी आधी चष्मे लावले आणि ओरडली. मग म्हातारी माणसे वाकली. धाकटा भाऊ, आता तोही सत्तरीच्या पुढे गेला आहे, गुडघे टेकून बराच वेळ पाहत होता. आपल्या रानावरून बोट न्यायला लागला. बोट तिरकस खाली खाली गेले आणि ओढ्यापाशी थांबले. म्हणाला, "ही बघ वगळ. आबाच्या रानातनं माझ्या रानात येतीया." आबा म्हणजे थोरला भाऊ. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग पुतण्याने विचारले, "काका, मग बांध कुठं घालायचा?"

पुढचे काम अवघड नव्हते. दुसऱ्या दिवशी हायड्रोमार्कर घेऊन रानात गेलो, कागदावर जे फुगलेले दिसत होते ते प्रत्यक्ष किती ते मोजले. खोलगट पट्टा मोकळा ठेवून त्यात गवत लावले, बांध समपातळीवर घेतले, आणि जास्तीचे पाणी सांडव्याने त्या गवताच्या पट्ट्यात काढून दिले. धुरा जिथे होता तिथेच राहिला, कोणाची गुंठाभर जमीन दुसऱ्याकडे गेली नाही. पट्ट्याखाली गेलेली जमीन मात्र पिकाची गेली, हे सांगितले पाहिजे. त्यातल्या गवतावर दोन्ही घरांची जनावरे जगतात.

तुम्हाला घरी करून पाहायचे असेल तर ड्रोनही लागत नाही. समोरच्या टेकाडावर उभे राहा, मोबाईलने शिवाराचा एक फोटो घ्या. मग उजवीकडे सरळ सरका आणि कॅमेरा न वळवता, न तिरपा करता दुसरा घ्या. किती सरकायचे? चौकटीतली सर्वांत जवळची वस्तू जितकी लांब, त्याचा तिसावा भाग. तीस मीटरवर बांध असेल तर एक मीटर, दीडशे मीटरवर असेल तर पाच मीटर. जवळचे झाड, खांब चौकटीत येऊ देऊ नका. दोन्ही फोटो सहा-सहा सेंटिमीटर रुंदीचे छापून शेजारी शेजारी चिकटवा, पहिला डावीकडे, दुसरा उजवीकडे. मध्ये पोस्टकार्ड उभे धरून त्याची वरची कड नाकाला लावा, म्हणजे प्रत्येक डोळ्याला आपापला फोटो दिसेल. लांब क्षितिजाकडे पाहतो तशी नजर सैल सोडा. काहींना लगेच जमते, काहींना दोन-तीन दिवस लागतात. चाळिशी उलटलेल्यांनी दोन सारखी भिंगे घ्यावीत, त्रास कमी होतो. डोके दुखू लागले तर सोडून द्या, हट्ट करू नका.

थोड्या लोकांना हे कधीच दिसत नाही. लहानपणी डोळा तिरळा असेल किंवा एका डोळ्याने कमी दिसत असेल तर दोन चित्रे एकत्र करायला मेंदू शिकतच नाही. त्यात लाजण्यासारखे काही नाही. घरात लहान मूल असे असेल तर मात्र शाळेत जाण्याआधीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, त्या वयात उपचाराचा उपयोग होतो.

आता मागच्या टेबलावर जुना आरशांचा स्टिरिओस्कोप मांडला आहे, आणि शेजारी तांबड्या-निळ्या छपाईचा नकाशा आहे. चार-चार जणांनी या. नेहमीचा चष्मा असेल तर तो काढू नका, त्यावरच हा लावा, तांबडी बाजू डावीकडे. नकाशात आधी ओढा शोधा आणि तो खाली दिसतो की वर, ते मला सांगा. वर दिसला तर चष्मा उलटा लावला आहे.